व्हरांड्यातलं घड्याळ

"नेट स्लो आहे" हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकते आणि वीसदा सोडून देते. ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात पोरांना पंखा फिरत नसला तरी नेट स्लो वाटतं. मी संघप्रिया रामटेके. कॉम्प्युटर लॅब आणि तिच्या मागच्या काचेच्या खोलीतले सर्व्हर सांभाळते. सात वर्षं झाली, दर जूनला कंत्राटाच्या कागदावर सही करून पुन्हा नवी होते. माझा स्वभाव तापट आहे हे मला लोकांनी सांगायची गरज नाही, घरी आई रोज सांगते.

त्यामुळे दसऱ्यानंतरचे दोन आठवडे पोरं येऊन "मॅडम, लॉगिनले लय टाइम लागून राह्यला" म्हणत होती, तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथूनच आहे.

मंगळवारी दुपारी तीनला आमच्या लॅबमध्ये एक ऑनलाइन परीक्षा होती. उत्तरेकडच्या एका मोठ्या संस्थेत वनशास्त्राची एम.एस्सी. करायला मिळते, राहणं-खाणं त्यांच्याकडेच, त्याची निवड परीक्षा. बसणारी पोरं पाच. त्यात एक रीता तलांडी, आलापल्लीच्या पुढच्या एका खेड्यातली, आमच्या हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. केलेली. जंगलातल्या झाडांची माडिया नावं, मराठी नावं आणि शास्त्रातली नावं तिन्ही तिला तोंडपाठ. मागच्या वर्षी तिनं हीच परीक्षा दुसऱ्या एका केंद्रावर दिली होती. अकरावा प्रश्न सोडवताना लाइट गेली आणि आलीच नाही. नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोनदाच बसता येतं. म्हणजे हा मंगळवार गेला की रीताचं ते दार कायमचं बंद.

परीक्षेत साठ प्रश्न, साठ मिनिटं, आणि प्रत्येक प्रश्नाचं पान वेगळं उघडतं.

सकाळी अकराला मी तिला सरावासाठी बसवलं. आमच्याकडे इंटरनेटवर जायचं तर आधी प्रॉक्सी सर्व्हरला आपलं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. प्रॉक्सी म्हणजे आमच्या फाटकावरचा चौकीदार समजा. तो यादी ठेवणाऱ्या दुसऱ्या मशीनला विचारतो, हा आपला माणूस आहे का. यादीवाला हो म्हणाला की वाट मोकळी. एवढं विचारायला एक सेकंदसुद्धा लागू नये. रीतानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. मी मनात मोजत होते. चौतीसपर्यंत मोजलं तेव्हा पान उघडलं. तिनं पुढचं पान दाबलं. पुन्हा चक्र, पुन्हा तेवढाच वेळ.

"मॅडम," रीता हळूच म्हणाली, "एका प्रश्नाले अर्धा मिनिट असं गेलं तर मले चाळीसच प्रश्न होतीन."

"तू हिशोब करू नको. तीन वाजेपर्यंत करते मी दुरुस्त." मी एवढ्या जोरात म्हटलं की ती खुर्चीतून उठलीच.

तिला पाठवून दिलं आणि काचेच्या खोलीत शिरले. चार तास हातात होते. चार तासांत माणूस ब्रह्मपुरीहून नागपूरला पोचून जेवूनही घेतो, असं स्वतःला सांगितलं.

चौकीदाराला रजा देऊन टाकणं सगळ्यात सोपं होतं. नाव-पासवर्ड न विचारता पाचही मशीनला वाट मोकळी करायची. पण संस्थेचा नियम होता की कोण कोणत्या मशीनवर बसलं याची प्रॉक्सीनं केलेली नोंद परीक्षेनंतर पाठवायची. नोंदीत नाव नसेल तर पेपर बाद. म्हणजे चौकीदार हवा, आणि तो जागाही हवा.

आधी प्रॉक्सीच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. शेवटची ओळ अकरा एकवीसची होती. मी मान वर करून काचेतून व्हरांड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, तिथेही अकरा एकवीस. ठीक, म्हणून पुढे गेले. हे वाक्य लक्षात ठेवा. मलाही ते पुढे नीट लक्षात राहिलं.

मग जे जे सुचलं ते सगळं केलं. वायरी काढल्या, पुसल्या, लावल्या. प्रॉक्सी बंद करून चालू केला. एका वेळी किती जणांना विचारायचं तो आकडा वाढवला. यादीवाल्या मशीनचं ओझं पाहिलं, तर ते बिचारं रिकामं बसलेलं. पासवर्ड त्या मशीनवरच टाकून पाहिला तर क्षणात हो म्हणालं. म्हणजे यादीवाला ठीक होता, चौकीदारही ठीक होता, आणि दोघांच्या मधे कुठेतरी तीस सेकंद गडप होत होते. काहीच बिघडलेलं नाही आणि तरी चालत नाही, यासारखा वैताग नाही. उठत होते, बसत होते, पाण्याची बाटली भरून आणत होते आणि न पिता ठेवून देत होते.

साडेबाराला प्रफुलला फोन लावला. प्रफुल माझ्याबरोबर शिकलेला, आता नागपुरात एका कंपनीत हेच काम करतो.

"रिस्टार्ट केलं का?" तो म्हणाला.

"तुह्या डोक्याले रिस्टार्ट कर. सतरादा केलं."

"बरं बरं. लॉगमध्ये टाइम बरोबर दिसून राह्यला ना? दोन मशीनच्या टाइमात पाच मिनिटांच्या वर फरक असला तर ते एकमेकांची चिठ्ठी घेत नाईत."

मी काचेतून बाहेर पाहिलं. सर्व्हर, घड्याळ, दोन्ही जुळत होते. "टाइम एकदम बरोबर आहे," मी सांगितलं, तेही जरा तोऱ्यात.

आता या घड्याळाबद्दल सांगायला हवं. व्हरांड्याच्या मधोमध, फाटकापर्यंत दिसेल असं ते मोठं गोल घड्याळ एका जुन्या बॅचनं दिलेलं. ते अकरा मिनिटं पुढे असतं. डोमाभाऊंनी ते पुढे केलं. डोमाभाऊ म्हणजे आमचे शिपाई, माझ्या आधीपासून कॉलेजात आहेत. वैनगंगेपलीकडची पोरं संध्याकाळच्या बसला नेहमी चुकायची, आणि मग रात्र कुठे काढायची हा प्रश्न यायचा. डोमाभाऊंनी कोणाला न सांगता स्टूल घेतलं आणि काटा दहा मिनिटं सरकवला. एक मिनिट त्या घड्याळानं स्वतःच घेतलं. पहिल्या महिन्यात पोरं बसला वेळेवर पोचली, दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना कळलं, आणि तेव्हापासून अख्खं कॉलेज त्या घड्याळातून अकरा वजा करतं. प्राचार्य करतात, कॅन्टीनवाली नीलाबाई करते, मी करते. कोणी वजा करतोय असं कोणाला वाटतही नाही. डोळे चार वाचतात आणि डोकं तीन एकोणपन्नास ऐकतं.

दीड वाजता पाचही पोरं कागद दाखवायला आली. ओळखपत्रं पाहिली, मोबाईल डोमाभाऊंच्या पत्र्याच्या पेटीत जमा केले. मी म्हटलं, तीनला पाच कमी असताना आत या. परीक्षा तीनला सुरू, आणि तीन वाजून पाच मिनिटांच्या आत नाव टाकलं नाही तर त्यांचं पानच बंद होतं. चौघं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसली. रीता मैदान ओलांडून मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली, मांडीवर वही.

जाताना ती म्हणाली, "होईन ना मॅडम?"

"होईन," मी म्हटलं. खोटं बोलले. मला तेव्हा काहीच सुचत नव्हतं.

सव्वादोनपर्यंत माझा धीर सुटला. जुन्या नोंदी मागे मागे चाळत गेले, हा उशीर सुरू कधी झाला ते शोधत. सप्टेंबरभर सगळं सुरळीत. मग एका दिवशी दुपारनंतर अचानक प्रत्येक लॉगिनला तीस सेकंद. तारीख पाहिली. खंडेनवमी. त्या दिवशी मी इथे नव्हतेच. दीक्षाभूमीला जायला आम्ही सगळे घरचे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच नागपूरला निघतो, दरवर्षी.

म्हणजे माझ्या मागे कोणीतरी सर्व्हरला हात लावला होता. माझं डोकंच फिरलं. मी दार उघडून व्हरांड्यात आले.

"डोमाभाऊ, खंडेनवमीले मी नव्हती तं आतमधल्या मशीनले कोणं हात लावला?"

ते पेटीजवळ बसले होते. उभे राहिले. "मीच लावला जी बाई."

"काऊन? पूजेले? हळदी-कुंकू वाहायले का तुमची मोटरसायकल आहे ते? माह्या मागं हात लावायचा नाई हे किती वेळा सांगतलं तुमाले? आता त्या पोरीची परीक्षा गेली तं काय तोंड दाखवसान तिले?"

पायऱ्यांवरची चौघं पोरं ऐकत होती. दोन प्राध्यापक जाता जाता थांबले. मला दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही. साठीला आलेला माणूस खाली मान घालून उभा, आणि मी बोलतच होते.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "पूजा मी बाहेरूनच केली, दाराले हार लावला. हात लावला तो तुमाले फोन करून. लाइट गेली होती, मंग आली, तं तो डब्बा सुरूच नाई झाला. टाइम मागत होता पडद्यावर. मी तुमाले फोन लावला."

ते मला आठवलं. नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत होते, लाउडस्पीकर, पोराबाळांचा आवाज, एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाला फोन. सर्व्हरमधली ती छोटी बॅटरी मेली की तो वेळ विसरतो आणि सुरू होताना विचारतो. नवी बॅटरी मागवायची मीच लांबवली होती. बाहेरून आपोआप वेळ घ्यायची वाटही मागे इंटरनेटची लाइन बदलली तेव्हा बंद झाली, ती पुन्हा उघडायची मीच राहू दिली होती.

"अन् मी काय सांगतलं?" मी विचारलं. आवाज खाली आला होता.

"तुमी म्हणल्या, घड्याळ पाहा अन् टाका."

"मग?"

"मी म्हणलो, अकरा कमी करून टाकू का." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "तं तुमी म्हणल्या, भाऊ, जसं दिसते तसं टाका. तुमची अक्कल लावू नका."

मी ते म्हटलं होतं. शब्दन् शब्द. त्यांचा प्रश्न मला गर्दीत धड ऐकूच आला नव्हता, आणि न ऐकताच मी उत्तर दिलं होतं.

मी वर पाहिलं. घड्याळात दोन एकोणपन्नास. मी डोमाभाऊंच्या हातातला त्यांचा मोबाईल घेतला. दोन अडतीस.

सकाळपासून मी सर्व्हरची वेळ त्या घड्याळाशी ताडून पाहत होते, आणि दोन्ही सारखेच खोटे असल्यामुळे मला खरे वाटत होते. अकरा वजा करायची सवय इतकी अंगात मुरलेली की सर्व्हरच्या नोंदीतूनही मी न कळत अकरा वजा करत होते. यादीवाला वेळेवर होता, चौकीदार अकरा मिनिटं पुढे होता. यादीवाल्यानं दिलेली 'हो'ची चिठ्ठी चौकीदाराला शिळी वाटायची, तो ती टाकून द्यायचा, अर्धं मिनिट वाट पाहायचा, आणि मग जुन्या पद्धतीनं पहिल्यापासून विचारायचा. प्रत्येक पानाला, प्रत्येक पोरासाठी, दोन आठवडे. प्रफुलनं तर हेच विचारलं होतं.

मी पळत आत गेले. वेळ बदलली, प्रॉक्सी पुन्हा सुरू केला, पहिल्या मशीनवर माझं नाव टाकलं. पान उघडलं. चक्र फिरलंसुद्धा नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा तसंच. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. तो राग काढायला समोर ते घड्याळच होतं.

"डोमाभाऊ," मी आतूनच ओरडले, "ते घड्याळ आधी नीट करा. आत्ताच्या आत्ता. खरा टाइम लावा."

ते लगेच उठले. स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

तीनला पाच कमी असताना मी दारातून हाक मारली, "चला, आत या." चौघं आली, आपापल्या जागी बसली. पाचव्या मशीनपुढची खुर्ची रिकामी. तोंड धुवून येत असेल, म्हणून मी इतरांची नावं ताडली. तीन वाजले. चौघांनी पासवर्ड टाकला, चौघांची पानं झटकन उघडली. पाचवी खुर्ची रिकामीच.

मी बाहेर आले. मैदानापलीकडे मोहाखाली रीता बसली होती, पाठ ताठ, वहीवर बोट. तिनं मान वर केली. घड्याळाकडे पाहिलं, मला इतक्या दुरून दिसलं. आणि शांतपणे पान उलटून पुन्हा वाचायला लागली.

घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं. तिच्या डोक्यात दोन पन्नास.

तिचा मोबाईल पेटीत. तिच्याजवळ वेळ सांगणारं ते एकच घड्याळ, आणि तीन वर्षांची सवय. ती बरोबर होती. चूक मी केली होती, दुसऱ्यांदा, एकाच दिवसात, त्याच घड्याळावरून.

मी पळाले. चप्पल एक पायरीवर राहिली. "रीता" म्हणून ओरडत मैदानाच्या मधे पोचले तेव्हा ती उठली, गोंधळून एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत.

"घड्याळ खरं आहे," मी धापा टाकत म्हटलं. "वजा नको करू. पळ."

तिला समजलं की नाही कोण जाणे, पण ती पळाली. माझ्यापुढे निघून गेली, ओढणी गळ्यातून सुटून मैदानात पडली. डोमाभाऊंनी दार धरून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा ती खुर्चीत बसून घाईघाईनं टाइप करत होती. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. चुकला. पडद्याच्या कोपऱ्यात तीन वाजून चार मिनिटं दिसत होती.

"हळू," डोमाभाऊ तिच्या मागून म्हणाले. "एक एक अक्षर टाक बेटा."

तिनं एक एक अक्षर टाकलं. बटण दाबलं. सकाळी मी चौतीसपर्यंत मोजलं होतं, आता मोजायला तोंड उघडलं तोवर पान समोर होतं. प्रश्न एक, साठपैकी. तीन वाजून चारच मिनिटं झाली होती अजून.

मी काचेच्या खोलीत जाऊन खाली फरशीवर बसले. पुढचा तासभर त्या पाच मशीनच्या नोंदी एकामागून एक सरकत होत्या, आणि एखाद्या ओळीत रीताचं नाव आलं की मी बोटावर मोजत होते. शेवटची ओळ आली तेव्हा तिची साठ पानं झाली होती. तिनं बाहेर येऊन थेट नीलाबाईच्या कॅन्टीनात दोन समोसे खाल्ले आणि तिसरा मागितला.

मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही वेळ खरी आहे. वजा करू नये," आणि सर्व्हरवर चिकटवला. मग व्हरांड्यात आले. डोमाभाऊ पेटी रिकामी करून बसले होते.

"भाऊ, माह्यी चूक झाली," मी म्हटलं. "फोनवर बोलली तेही, आज बोलली तेही. सगळ्यांसमोर बोलली. मले लाज वाटून राह्यली."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. पायऱ्यांवर पोरं जमायला लागली होती, नदीपलीकडच्या गावांची, बसला निघालेली, पाठीवर बॅगा. त्यातल्या एकीनं घड्याळाकडे पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाली, बैस, अजून लय टाइम आहे.

ते डोमाभाऊंनी ऐकलं आणि मीही ऐकलं. मी स्वतः जाऊन स्टूल आणलं, घड्याळाखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. ते वर चढले, काच उघडली, बोट काट्यावर ठेवलं आणि खाली माझ्याकडे पाहिलं.

"किती करू बाई?"

"तुमच्या अकलेनं करा, भाऊ," मी म्हटलं.